मुदतीआधी फेडले म्हणून दंड

देणे लवकर फेडावे, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. वाण्याच्या वहीवरील उधारी सणाआधी चुकती करावी, कोणाचे उसने आणले असेल तर मागावयास येण्यापूर्वी नेऊन द्यावे आणि ऋण डोक्यावर ठेवून डोळे मिटू नयेत, ही वडीलधाऱ्यांची वाक्ये आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असतील. अशा संस्कारात वाढलेला मनुष्य जेव्हा घराचे कर्ज फेडावयास पाच-दहा वर्षे अगोदरच पैसे घेऊन उभा राहतो आणि त्याला सांगितले जाते की, ‘मुदतीआधी फेडत आहात, म्हणून शेकडा दोन रुपये जास्त भरा’, तेव्हा त्याला आपण काही चुकीचे ऐकले असे वाटणे साहजिक आहे. उशिरा भरणाऱ्याला दंड होतो हे त्याला ठाऊक असते. लवकर भरणाऱ्यालाही दंड कसा?

हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो तो शाळेमुळे. आमच्या लिंबायतमध्ये गेल्या पन्नास-साठ वर्षांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे स्थायिक झाली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधन्याला येणाऱ्या गाडीने माणसे आली, लूम्सच्या कारखान्यांत आणि डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला लागली, आधी भाड्याच्या खोलीत चार-चार जण राहिली आणि मग केव्हातरी लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांत कोणी रो-हाऊस, कोणी फ्लॅट घेतला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती-हिंदी आणि कर्जाच्या करारात इंग्रजी, अशी या कुटुंबांची भाषिक स्थिती आहे. शाळा सोडल्याचा दाखला न्यावयास आलेला पालक ‘सर, एवढा कागद जरा वाचून द्या’ म्हणतो, तेव्हा तो कागद पुष्कळदा कर्जाचा असतो. मुलाची शाळा बदलावयाची कारण घर विकावयाचे; घर विकावयाचे कारण गावी परतावयाचे किंवा मोठे घर घ्यावयाचे; आणि घर विकावयाचे म्हणजे कर्ज आधी मिटवावयाचे. तिथे हा दंड आडवा येतो. म्हणून या विषयाची जरा मुळापासून फोड करावी असे मनात आले.

प्रथम हप्त्याचे गणित पाहू. दहा लाख रुपयांचे कर्ज, शेकडा नऊ व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीने घेतले असे धरा. महिन्याचा हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ७,५०० रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दलात अवघे १,४९७ रुपये जमा होतात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकविता भरला, म्हणजे जवळजवळ ५ लाख ४० हजार रुपये भरले, तरी मुद्दल शिल्लक राहते सुमारे ८ लाख ८७ हजार. भरलेल्या रकमेपैकी सव्वाचार लाखांहून अधिक व्याजात गेलेले असतात. हे आकडे फळ्यावर मांडून दाखविले की पालक अवाक होतात. काहींना यात लबाडी दिसते. यात लबाडी नाही. शिल्लक मुद्दलावरच व्याज आकारले जाते आणि आरंभी मुद्दल मोठे असते, इतकाच त्याचा अर्थ. परंतु यावरून एक गोष्ट उघड होते. कर्जाच्या पहिल्या काही वर्षांत मुद्दलात जास्तीचे पैसे भरणे हे कर्जदाराच्या सर्वांत हिताचे असते आणि त्याच काळात कर्ज बंद होणे हे सावकाराच्या सर्वांत गैरसोयीचे असते. दंडाचा उगम या ओढाताणीत आहे.

वरच्याच उदाहरणात पाच वर्षांनंतर त्या गृहस्थाला दुसरीकडे सव्वाआठ टक्क्यांनी कर्ज मिळत आहे असे समजू. उरलेल्या पंधरा वर्षांसाठी नवा हप्ता होईल सुमारे ८,६०६ रुपये. म्हणजे दरमहा ३९१ रुपयांची बचत. आता जुन्या संस्थेने शिल्लक मुद्दलावर दोन टक्के आकारले तर ते १७,७४० रुपये होतात. त्यावर वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांनी सुमारे ३,१९० रुपये. एकूण २०,९३० रुपये. दरमहा ३९१ च्या बचतीतून ही रक्कम भरून निघावयास साडेचार वर्षांजवळ काळ लागतो, आणि नव्या कर्जाची प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, गहाणखताचा मुद्रांक हे अजून धरलेलेच नाहीत. कर्जदार हिशेब करतो, सुस्कारा सोडतो आणि जुन्याच ठिकाणी राहतो. दोन टक्के हा आकडा लहान दिसतो. पण दारावर लावलेले कुलूपही दाराच्या मानाने लहानच असते.

सावकाराची बाजू अगदीच पोकळ आहे काय? तसे म्हणता येणार नाही. आमच्याकडचेच उदाहरण घ्या. एखाद्या लूम्सवाल्याने वर्षभर ठराविक भावाने कापड देण्याचा करार केला आणि त्या भरवशावर चढ्या भावात सूत भरून ठेवले. सहा महिन्यांनी सुताचा भाव उतरला आणि व्यापारी म्हणाला, ‘मला आता दुसरीकडे स्वस्त मिळते, तुमचा करार मोडतो.’ कारखानदाराच्या गळ्यात महाग सूत पडले. ठराविक, न बदलणाऱ्या व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था अशाच स्थितीत असते. तिने स्वतः तो पैसा लोकांकडून किंवा बाजारातून ठराविक व्याजाने घेतलेला असतो. बाजारात व्याज उतरले की कर्जदार निघून जातो, पण संस्थेला तिच्या ठेवीदारांना जुन्याच दराने व्याज द्यावे लागते. या तुटीची भरपाई मागणे न्यायाला सोडून नाही.

मात्र ही सबब बदलत्या व्याजाच्या, ज्याला बँकेत ‘फ्लोटिंग’ म्हणतात त्या कर्जाला लागू पडत नाही. तेथे बाजाराबरोबर व्याज वरखाली करण्याचा अधिकार संस्थेने आधीच स्वतःकडे ठेवलेला असतो. सुताचा भाव चढला तर कापडाचा भाव चढवीन असे ज्याने करारातच लिहून घेतले, त्याने गिऱ्हाईक गेले म्हणून नुकसानभरपाई मागावी हे माझ्या मते केवळ अडवणुकीचे लक्षण आहे. स्थिर व्याज आणि बदलते व्याज यांतील हा भेद वाचकांनी पक्का ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सर्व कायदा त्यावर उभा आहे.

कायद्याकडे वळण्यापूर्वी ‘गहाण’ या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. गुजरातीत ज्याला ‘गीरो’ म्हणतात ते आपले गहाण. आपल्याकडे त्याचे प्रकार किती बारकाईने ओळखले जात! जमीन सावकाराच्या ताब्यात दिली तर ताबेगहाण, ताबा आपल्याकडेच ठेवून केवळ लिहून दिली तर नजरगहाण, आणि ठरल्या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदी पक्की व्हावयाची तर मुदतखरेदी. आज आपण घराचा मूळ दस्तऐवज बँकेच्या स्वाधीन करतो, तेही गहाणच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात हक्कलेख ठेवून केलेल्या या गहाणाची स्वतंत्र गणना आहे. घरात राहतो आपण, नाव आपले, दारावर पाटी आपली. तरीही कर्ज फिटेपर्यंत घराची सुटका नाही.

त्याच कायद्याचे ६० वे कलम गहाण सोडवून घेण्याचा हक्क देते आणि न्यायालये या हक्काला फार जपतात. एकदा गहाण ते सदैव गहाण, सावकाराने कितीही चतुराईने लिहून घेतले तरी गहाणाची खरेदी होत नाही, हे तत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु या कलमाचे शब्द सावकाश वाचले तर त्यात एक अट दिसते. हा हक्क मिळतो तो मुद्दल देय झाल्यानंतर. मुदतीपूर्वी गहाण सोडवून मागण्याचा हक्क कायद्याने आपण होऊन दिलेला नाही. करारात तशी सोय असेल तर ती करारातील अटींनुसार. अजमेर येथील एक घर-दुकान १८९९ साली ८५ वर्षांच्या मुदतीने गहाण पडले होते. पुढच्या पिढीने ते सोडवून मागितले तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५८ मध्ये निर्णय झाला की, केवळ मुदत लांब आहे एवढ्यावरून ती जाचक ठरत नाही. दावा वेळेपूर्वी आणला आहे. पैसे तयार, मालक तयार, आणि तरी थांबावे लागले. मुदतपूर्व फेडीचा दंड येतो तो या फटीतून. जो हक्क कायद्याने दिलेला नाही, तो सावकार करारात विकत देतो, आणि दोन टक्के ही त्याची किंमत होय.

या ठिकाणी आपल्या इतिहासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खते, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे कुणब्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच की, कितीही भरले तरी देणे संपत नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्यात लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. आपल्या परंपरेत ‘दामदुपटी’चा नियमही होताच, एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा तो नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कर्जदारांसाठी मान्य केला होता. म्हणजे व्याजाला मर्यादा घालण्याचा आणि हिशेब उघडा करण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. लवकर सुटण्याचा हक्क मात्र बराच मागाहून आला.

मध्यमवर्गीय माणसाला पगारावर घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले ती गोष्ट तशी अलीकडची. सुरतेत जन्मलेले हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी ही संस्था काढली, तेव्हा केवळ घरासाठी कर्ज देणारी खासगी संस्था ही कल्पनाच नवी होती. सुरतकर म्हणून आपणांस त्याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. पुढे बँकाही या धंद्यात उतरल्या आणि स्पर्धा वाढली. दोन हजारनंतरच्या दशकात एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. नव्या गिऱ्हाईकाला ओढण्यासाठी कमी व्याजाच्या जाहिराती, आणि त्याच संस्थेचा जुना, इमानाने हप्ते भरणारा कर्जदार मात्र वरच्या व्याजात अडकलेला. बाजारात दर चढले की त्याचा दर ताबडतोब चढे. उतरले की उतरावयास मुहूर्त सापडत नसे. तो उठून दुसरीकडे जाऊ लागला की दंडाचे कलम पुढे येई.

याविरुद्ध तक्रारी झाल्या. प्रकरण स्पर्धा आयोगापुढेही गेले. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने बहुमताने असे ठरविले की, या आकारणीने स्पर्धा कायद्याचा भंग होत नाही. कर्जदारांची निराशा झाली खरी, परंतु दुसऱ्या बाजूने दार किलकिले होत होते. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना सांगितले की, कर्जदार स्वतःच्या पैशातून कर्ज मिटवीत असेल तर दंड घेऊ नये. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर दंड मुळीच नको, पैसे कोठूनही आणलेले असोत, असे ठरले. बँकांच्या ग्राहकसेवेविषयी दामोदरन समितीचा अहवालही याच सुमारास आला. मग ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. स्वस्त कर्जाकडे जाण्यापासून कर्जदाराला रोखणारी ही प्रथा आहे आणि तिच्यामुळे जुन्या-नव्या कर्जदारांत भेदभाव होतो, असे कारण बँकेने दिले. ज्यांनी त्या वर्षांत दंड भरला त्यांना हे कारण वाचून बरे वाटले असेल की वाईट, कोण जाणे. २०१४ मध्ये ही मनाई व्यक्तींच्या सर्व बदलत्या व्याजाच्या मुदती कर्जांना लागू झाली.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. आमच्या भागात तो मिटला नाही, आणि याची कारणे या लेखात मला मुख्यत्वे सांगावयाची आहेत.

पहिले कारण म्हणजे अर्जातील ‘कर्जाचा उद्देश’ हा रकाना. लिंबायतच्या घरात घर आणि धंदा यांची भिंत पातळ असते. खाली एक-दोन मशीन, वर बिऱ्हाड. दिवसभर साडीवर लेस आणि टिकल्या लावण्याचे काम. पुढच्या खोलीत किराणा. अशा घरावर मशीनसाठी किंवा दुकानासाठी कर्ज काढले की ते ‘गृहकर्ज’ राहत नाही, घर तारण ठेवून घेतलेले व्यवसायाचे कर्ज होते. गहाण घरच पडते, हप्ता त्याच कमाईतून जातो, परंतु दंडमाफीचा नियम व्यवसायाच्या कर्जाला पूर्णपणे लागू नव्हता. माझ्याकडे एका पालकाने आणलेल्या कागदात घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या पैशाचा उद्देश ‘व्यवसाय’ असा टाईप केलेला होता. ‘तुम्ही सांगितले होते काय?’ असे विचारले तर म्हणाले, ‘एजंट म्हणाला, असे लिहिले की लवकर पास होते.’ तो एक शब्द त्यांना शिल्लक मुद्दलाच्या चार टक्क्यांना पडणार होता. त्या कंपनीचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. शब्द कोणी लिहिला हेही आता सिद्ध होणे नाही. सही मात्र त्यांची होती.

दुसरे कारण स्थिर व्याज. ज्यांना पगाराची पावती नाही, ज्यांच्या घराचा कागद थोडा कच्चा आहे, त्यांना मोठ्या बँका दारात उभ्या करीत नाहीत. ते लहान गृहवित्त कंपन्यांकडे, फायनान्स कंपन्यांकडे जातात. तेथे व्याज चढे आणि पुष्कळदा स्थिर. निदान पहिली दोन-तीन वर्षे स्थिर आणि नंतर बदलते. गरिबाला हप्ता बदलत नाही याचा आधार वाटतो, आणि ते चूक नाही. परंतु त्या आधाराबरोबर दंडाचे कलमही येते. दंडमाफी ज्यांना मिळाली ते मुख्यतः बँकेचे पगारदार कर्जदार. दंड राहिला तो ज्यांना दोन-चार टक्के सर्वांत जड जातात त्यांच्या वाट्याला.

या स्थितीत २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, आणि ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या कर्जांना लागू आहेत. व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कामासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजाच्या कर्जावर कोणत्याही बँकेने वा फायनान्स कंपनीने मुदतपूर्व फेडीचा आकार घेऊ नये. सहकर्जदार असो वा नसो. शिवाय व्यक्तींनी आणि सूक्ष्म व लघु उद्योगांनी धंद्यासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजाच्या कर्जावरही मोठ्या व्यापारी बँका, सर्वांत वरच्या श्रेणीतील नागरी सहकारी बँका आणि वरच्या स्तरातील फायनान्स कंपन्या यांना दंड घेता येत नाही. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, राज्य व जिल्हा सहकारी बँका, तिसऱ्या श्रेणीतील नागरी बँका आणि मधल्या स्तरातील फायनान्स कंपन्या यांना धंद्याच्या कर्जांबाबत ही मनाई मंजूर रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या कर्जांपुरती आहे. आमच्या गल्लीतील मशीनवाल्याचे कर्ज बहुधा या मर्यादेत बसते. पैसे स्वतःचे की दुसऱ्या बँकेचे हे विचारावयाचे नाही. थोडे भरा की सगळे भरा. आणि ‘पहिले वर्षभर फेडता येणार नाही’ अशी किमान मुदतही घालावयाची नाही. व्याज काही काळ स्थिर व काही काळ बदलते असेल तर फेडीच्या दिवशी ते कोणत्या प्रकारचे होते, हे पाहावयाचे.

जे यात बसत नाही, म्हणजे मुख्यतः स्थिर व्याजाचे कर्ज, तेथे संस्थेचे स्वतःचे धोरण चालते. पण मुदती कर्जावर आकार घ्यावयाचा तो फेडल्या जाणाऱ्या रकमेवर, आणि आधी कागदावर दाखविला असेल तरच. १ जानेवारी २०२६ पूर्वीच्या करारांना त्या त्या काळाचे नियम लागू राहतात. पतपेढ्या आणि खासगी सावकार यांच्यावर मात्र या निर्देशांची सत्ता नाही, हे विसरू नये.

‘आधी कागदावर दाखविला असेल तरच’ या शब्दांचे मोल मोठे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य अटींचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. व्याज, सर्व आकार धरून पडणारा वार्षिक खर्च, हप्त्यांचा तक्ता आणि मुदतपूर्व फेडीचा आकार त्यात लिहिलेला असावा लागतो. आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. भाषेचा शिक्षक या नात्याने मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. आपण गुजरातेत राहतो, गुजराती चांगली बोलतो, मुलांना ती लिहितावाचताही येते. परंतु ज्या बाईने मराठी शाळेत चौथीपर्यंत शिक्षण घेतले आणि जी आज सहकर्जदार म्हणून सही करीत आहे, तिला समजणारी भाषा मराठी आहे. तिने मराठीतील पत्रक मागितले तर ती कोणावर उपकार मागत नाही. कर्जाची भाषा इंग्रजी आणि हप्त्याची भाषा मराठी, असा प्रकार पुष्कळ वर्षे चालला.

परदेशी असलेल्या नातलगांकडून वाचक विचारतील, तिकडे काय आहे? अमेरिकेत घराची कर्जे बहुतांशी तीस वर्षे स्थिर व्याजाची असतात. २००८ च्या अरिष्टापूर्वी दुबळ्या कर्जदारांना दिलेल्या कर्जांत मुदतपूर्व फेडीच्या दंडाचा सर्रास वापर झाला; आरंभी गोड दर, मग चढा दर, आणि निसटावे तर दंड. तेथे २०१० च्या कायद्यानंतर जानेवारी २०१४ पासून नियम लागू झाले. दंड केवळ ठराविक प्रकारच्या स्थिर व्याजाच्या कर्जांवर, पहिली दोन वर्षे फार तर दोन टक्के, तिसऱ्या वर्षी एक टक्का, त्यानंतर काही नाही. स्थिर व्याजासाठी अशी उतरती शिडी आपल्याकडेही घालून देता आली असती, असे माझे मत आहे.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीचा बोनस, गावच्या जमिनीच्या वाटणीतून आलेले पैसे किंवा भिशीची रक्कम हातात आली की ती मुद्दलात भरावी काय, असे पुष्कळजण विचारतात. दवाखाना आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच भरावी. मंदीच्या दिवसांत मशीन बंद पडते तेव्हा बँकेत भरलेले मुद्दल परत मागता येत नाही. पण भरावयाचे ठरविले तर लवकर भरावे. आपल्या उदाहरणातील गृहस्थाने पाच वर्षे संपताच एक लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर १८० ऐवजी सुमारे १४३ हप्त्यांत कर्ज संपते. सदतीस हप्ते वाचतात. एक लाख वजा जाता सव्वादोन लाखांहून अधिक व्याज वाचते. मात्र ‘हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे, त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा आणि पुढच्या महिन्यात हप्त्यांचा नवा तक्ता मागून घ्यावा. कर्ज पूर्ण मिटवावयाचे असेल तर ठराविक तारखेची एकूण रक्कम लेखी मागावी. त्या पत्रात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज आणि अन्य आकार वेगवेगळे दाखविलेले असावेत. ‘प्रशासकीय खर्च’ अशा नावाखाली जास्तीची रक्कम दिसली तर ती कोणत्या कलमाखाली, हे विचारावे. मुख्य अटींच्या पत्रकात नसलेला आकार मागता येत नाही. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

पैसे भरले म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळजण थेट गावची गाडी पकडतात. घराचा मूळ दस्तऐवज परत घेतल्याशिवाय सुरत सोडू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत सर्व मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, संस्थेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपून ठेवलेली असेल तर तिच्यावर एकेक खूण करीत कागद मोजून घ्यावेत. कर्ज फिटल्याचे ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावे. गहाणखत नोंदविलेले असेल तर गहाणमुक्तीचा दस्त नोंदवून घ्यावा. सिटी सर्व्हेच्या कार्डावर किंवा सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढलेला असेल तर तो उतरविल्याचा नवा उतारा काढावा, आणि गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतूनही नोंद काढली काय, हे संस्थेकडून लिहून घ्यावे. घेणाऱ्याचा वकील नेमका तोच कागद मागतो.